लेकीचे सिद्दी वळणाचे केस आणि खानापूरचा उन्हाळा: कापायचे नाहीत, मग बांधायचे कसे?

खानापूरची_आई · १६ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझं माहेर नंदगडकडचं, मराठा. नवरा सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजातला, त्यांचं मूळ घर हल्याळच्या बाजूला, जंगलाला लागून. आता आम्ही खानापुरात असतो. मुलगी नऊ वर्षांची, नुकतीच चौथीची परीक्षा झाली. नाक-डोळे माझे, केस मात्र जसेच्या तसे तिच्या आजीचे.

नुसते कुरळे नव्हेत. आपल्याकडे कुरळे म्हटलं की लाटालाटांचे केस डोळ्यांपुढे येतात. हिचा एकेक केस पेनातल्या स्प्रिंगेसारखा, तेवढ्या बारीक वळणाचा. मानेवरची एक बट ओढून धरली तर पाठीच्या खवाट्यापर्यंत येते, सोडली की कानाच्या पाळीशी जाऊन बसते. लोकांना वाटतं हिचे केस वाढतच नाहीत.

सासूबाई होत्या तोवर मला कधी हात लावावा लागला नाही. उन्हाळा लागला की दर दोन आठवड्यांनी रविवारी त्या तिला पायरीवर पुढ्यात घेऊन बसायच्या. शेजारी अर्धवट शिवलेलं कवंद पडलेलं असायचं. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: जुन्या लुगड्यांची, शर्टांची ठिगळं जोडून सिद्दी बायका जी वाकळ शिवतात ते कवंद. कडेपासून सुरू करून आत आत शिवत जातात.) बोटांनीच भांग पाडायच्या आणि वीस-बावीस बारीक वेण्या घालायच्या. त्या पुढच्या रविवारपर्यंत, कधी त्याच्याही पुढच्यापर्यंत तशाच राहायच्या. मी चहा करून द्यायची, थोडा वेळ बघायची आणि आत निघून जायची. शिकून घेतलं नाही. त्या गेल्या त्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील.

आता मी काय करते ते सांगते. सकाळी साडेसातला, कोरड्या केसांत कंगवा. ती रडते, माझ्या डोळ्यांत पाणी येतं, कंगव्याचे दात मोडतात. शाळेचा नियम दोन घट्ट वेण्या, लाल रिबीन लावून वर दुमडलेल्या. तेवढी लांबी मिळावी म्हणून मी ओढून ओढून घालते. गेल्या महिन्यात लक्षात आलं की दोन्ही कानशिलांवरचे केस विरळ झालेत. बोटभर जागेत नुसती लव उरलीय. बघून पोटात गोळा आला. हे माझ्याच हातांनी झालंय का?

मार्चमध्ये बेळगावात एका पार्लरमध्ये घेऊन गेले. तिथल्या मुलीने हात लावला आणि म्हणाली, हे असे नाही राहणार मॅडम, स्ट्रेटनिंग करूया. नऊ वर्षांच्या पोरीचं! मी तिला उठवून घेऊन आले. लेक बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली, खानापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आता सुट्टी आहे. ऊन ३७ ला टेकलंय, मानेवर घामोळं उठलंय, आणि दुपार झाली की चुलतभावंडांबरोबर मलप्रभेत डुंबायला जाते. माहेरचे सगळे म्हणतात, बॉयकट कर, सुटशील. ती म्हणते, आजीसारख्या वेण्या घाल.

घालायच्या आहेत. कशा, ते सांगा. किती दिवस ठेवायच्या, धुवायचं कसं, तेल कुठलं? आणि जूनला शाळेत काय सांगू?

---

टिळकवाडीचे_काका · १७ एप्रिल, सकाळी ७:०५

ताई, मला केसांतलं काही कळत नाही, पण आमच्या दोन्ही नातींचे केस आम्ही उन्हाळ्यात बारीक करतो. पोरांना गार वाटतं, आईचा वेळ वाचतो. केस काय, परत येतात. रोज सकाळी लेकरू रडतंय त्यापेक्षा ते बरं.

एक विचारतो, राग मानू नका. सिद्दी म्हणजे जंजिऱ्याचे तेच का? बेळगावात जन्म गेला, पण आपल्याच जिल्ह्यात आहेत हे ठाऊक नव्हतं.

---

खानापूरची_आई · १७ एप्रिल, दुपारी १:२०

काका, राग कसला. जंजिऱ्याचे आणि हे, मूळ दोघांचंही आफ्रिकेचं, पण इकडचे लोक वेगळ्या वाटेने आले. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले बरेचजण निसटून घाट चढून जंगलात शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, खानापूर या भागात त्यांच्या वाड्या झाल्या. हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीच्या यादीत घेतलं, आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्यांना त्यासाठी २०२० उजाडावं लागलं. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं यात नवल नाही.

कापायचं म्हणाल तर तिने स्वतः मागितलं असतं तर आज कापले असते. ती मागत नाही. शाळेत ‘झिपरी’ म्हणतात म्हणून कापले, तर ते शब्द खरे होते असं तिला वाटेल. ते मला नकोय.

---

हल्याळची_आक्का · १७ एप्रिल, रात्री ११:५०

वहिनी, तुमचं वाचलं आणि झोप लागेना. मी हल्याळची, सिद्दीच. म्हणून वहिनी म्हणते. लग्न होऊन बेळगावात अनगोळला आले, १४ वर्षं पार्लरात काम केलं, आता घरीच करते.

आधी माझं सांगते. विसाव्या वर्षी मी माझे केस सरळ करून घेतले होते. क्रीम लावल्यावर आग आग झाली. बाई म्हणाली, थोडं सहन कर. टाळूवर दहाच्या नाण्याएवढी जखम झाली, तिथे आजही केस नाहीत. त्या क्रीममध्ये कडक क्षार असतो, केसाची वीणच तो उसवतो. उसवलेली पुन्हा विणली जात नाही, नवीन केस उगवेपर्यंत वाट बघावी लागते. तुम्ही लेकीला खुर्चीवरून उठवलंत, लई बरं केलंत.

आता कामाचं.

आपला केस दिसतो दांडगा, असतो नाजूक. कापून बघितला तर तो गोल नसतो, चपटा असतो, आणि मुळातूनच वळत येतो. डोक्याचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत खाली उतरतं, आपल्या केसावर ते पहिल्याच वळणाला अडतं. म्हणून टोकं कायम कोरडी. आणि जिथे जिथे वळण तिथे तिथे मोडायची जागा. केस वाढत नाहीत हे खोटं. महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, पण तेवढेच खालून मोडतात. वेण्या घालून ठेवायच्या त्या यासाठी. टोकं आत दडली, रोजचा कंगवा थांबला, ऊन-वारा-उशी यांच्याशी घासणं थांबलं की मोडणं थांबतं. उन्हाळ्यात मान मोकळी राहते, भांगांतून वारा लागतो, हा आणखी फायदा.

पहिली गोष्ट: कोरड्या केसांत कंगवा पुन्हा कधीही घालू नका. कधीही नाही. फवाऱ्याची बाटली आणा (झाडांना पाणी मारायची, नवी), पाणी भरा आणि केस चांगले ओले करा. मग कंडिशनर मोकळ्या हाताने, मूठभर म्हटलं तरी चालेल. डोक्याचे चार भाग करून तीन भाग चाप लावून बाजूला. एका भागात आधी बोटं घाला, गुंता बोटांना कळतो, कंगव्याला कळत नाही. मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकापासून. दोन बोटं टोक सुटलं की थोडं वर, मग आणखी वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. वरून खाली ओढलं की सगळे गुंते एकावर एक बसून गाठ होते. तुमच्या कंगव्याचे दात त्यामुळेच मोडत होते.

धुऊन झालं की पंच्याने चोळू नका. जुना सुती टी-शर्ट दाबून पाणी टिपा, केस ओलसर राहू देत.

मग तेल. वहिनी, तेलाने केस ओला होत नाही, आत गेलेलं पाणी तेल धरून ठेवतं. म्हणून पाणी आधी, तेल मागून. घाण्याचं खोबरेल उत्तम, ते केसाच्या आत मुरतं. पण टाळूला चोपडू नका, उन्हाळ्यात घाम आणि तेल मिळून चिकटा होतो, घामोळं आणखी वाढतं. तळहातावर चार थेंब घ्या आणि मधल्यापासून टोकाकडे लावा.

आता बांधायचं. तुमचा हात नवीन आहे, कानशिलं दुखावलेली आहेत, तेव्हा पहिल्या वेळी तीन पेडी वेण्या नकोत. दोन पेडी पीळ घाला. एक बट घ्यायची, तिचे दोन पेड करायचे आणि एकमेकांभोवती गुंडाळत टोकापर्यंत जायचं. शेवटी टोक बोटाभोवती फिरवून सोडायचं. रबर लागत नाही, आपला केस स्वतःलाच धरून बसतो. सासूबाईंच्या वेण्या जास्त दिवस टिकायच्या, पिळांचे दिवस थोडे कमी, पण घालायला अर्धा वेळ आणि ओढ जवळपास नाही. हात बसला की वेण्यांकडे या.

भांग मानेपासून सुरू करा, खालून वर. मागे चुकलं तर दिसत नाही, पुढे येईपर्यंत हात वळतो. एकेका पिळाची जाडी करंगळीएवढी, त्याहून बारीक नको. बारीक केले की मुळावर भार येतो आणि सोडताना दिवस जातो. आणि कपाळाच्या, कानशिलाच्या काठावरची लव कुठल्याही पिळात ओढून घेऊ नका. बाहेर राहू दे. लोक म्हणतील नीटनेटकं दिसत नाही. म्हणू देत.

घट्ट झालंय का ते तिला विचारा. भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, मुळाशी बारीक पुळ्या आल्या, रात्री कुशीवर झोपवेना, तर तो पीळ त्याच वेळी सोडायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही. ‘दोन दिवसांत सैल पडेल’ असं आम्हाला सांगायचे. सैल पडत नाही, मूळ सैल पडतं.

दोन आठवडे ठेवा, फार तर तीन. मोठ्या बाया बॉक्स ब्रेड्स (चौकोनी भांग पाडून घातलेल्या सुट्या वेण्या) सहा आठवडे ठेवतात, पोरांचं तसं नको. टाळूला चिकटून घालायच्या त्या कॉर्नरो म्हणजे आपल्या सागरवेणीच्याच बहिणी, पण बारीक आणि ओळीने. फार सुंदर दिसतात आणि पोहायला त्यांच्यासारखं काही नाही. मात्र ओढ जास्त बसते. कानशिलं भरून येईपर्यंत त्या राहू देत.

मधे आठवड्याने डोकं धुवा, पीळ न सोडता. बाटलीत पाऊण भाग पाणी, पाव भाग सौम्य शाम्पू, भांगाभांगांतून टाळूवर सोडायचा, बोटांच्या टोकांनी हलकेच दाबायचं आणि पाणी ओतायचं. शिकेकाई-रिठा आपल्या केसांना नको, फार कोरडं करतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे विहिरीच्या पाण्याचे घ्या. जड पाण्याचा पांढरा थर केसावर बसतो.

नदीचं: जाण्याआधी घरीच डोक्यावर एक तांब्या ओता आणि टोकांना तेल लावा. आधीच पाणी प्यालेला केस नदीचं पाणी कमी पितो. आल्यावर पुन्हा साध्या पाण्याने धुवा. आणि दुपारच्या उन्हात डोक्यावर काहीतरी हवंच. भांगांच्या रेषांवरची कातडी उघडी पडते, ती भाजते.

कवंदाचं लिहिलंत ना, माझी आईही तसंच करायची. एका हाताने आमचं डोकं धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने सुई शोधायची.

---

शहापूरची_माई · १८ एप्रिल, सकाळी ९:३०

आक्कांनी सगळं सांगितलंच आहे. दोन गोष्टी माझ्या घरातल्या सांगते.

आमच्या माडीवर दोन वर्षं टांझानियाची एक मुलगी भाड्याने होती, शिकायला आलेली. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, आंटी, रेशमी कापड मिळेल का? मला वाटलं ब्लाउजला हवंय. तिला उशीला हवं होतं. सुती अभ्रा रात्रभर केसांतलं पाणी ओढून घेतो, शिवाय केस त्यावर घासून तुटतात, असं तिने सांगितलं. माझ्या आईचं इरकल होतं, अंग विरलेलं, पण पदर अजून शाबूत. रेशमी पदर, लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा. तो कापून तिला अभ्रा शिवून दिला आणि उरलेल्याची कडेला नाडी घातलेली टोपी. ती टोपी घालून झोपायची. जाताना बरोबर घेऊन गेली. वहिनी, तुमच्याकडे जुनं इरकल असेल तर पदराचा तुकडा वापरा. सुळसुळीत सॅटिनही चालतं, खडे बाजारात मीटरवर स्वस्तात मिळतं.

दुसरी गोष्ट जवसाची. मी चटणीला जवस भाजत होते, ती खाली आली आणि वास घेऊन म्हणाली, हे आम्ही केसांना लावतो. मला खरं वाटेना. तिने करून दाखवलं: चार चमचे कच्चे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागतं, त्या क्षणी उतरवायचं आणि गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळायचं. गार झालं की गाळलं जात नाही, फडकं पिळून हात दुखतात. हे ओल्या केसांना लावून पीळ घातला की पीळ चमकतो, सुटत नाही, आणि त्यात रसायन काही नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, वास आला की फेकून द्यायचं.

ती स्वतः गंगावन मिसळून लांब वेण्या घालायची. नवीन गंगावन आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजत टाकायची, त्यावरच्या पांढऱ्या लेपाने टाळूला खाज सुटते म्हणून. पण लहान मुलीला गंगावन नकोच, वजन होतं.

---

धारवाडची_डॉक्टर · १८ एप्रिल, दुपारी ३:१५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय नक्की सांगणं योग्य नाही, पण तुम्ही वर्णन केलंय तशी कानशिलं मी अनेकदा बघते, आणि सगळ्याच प्रकारच्या केसांत बघते. नाचाच्या क्लासला जाणाऱ्या, रोज घट्ट अंबाडा बांधणाऱ्या मुलींतही. मुळं सतत ओढली गेल्याने केस जातात. लव शिल्लक आहे असं तुम्ही लिहिलंय, ती चांगली खूण आहे. ओढ आत्ता थांबली तर बहुतेक वेळा केस परत येतात, काही महिने लागतात. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग औषधाचाही उपयोग होत नाही. तेव्हा तुमच्या हातांनी झालं असेल तर ते तुमच्याच हातांनी थांबतंय, आणि वेळेत थांबतंय.

मानेवर पिवळं टोक असलेल्या दुखऱ्या पुळ्या असतील तर ते घामोळं नसून केसतोड असू शकतं, आणि डोक्यात गोल चट्टा पडून कोंड्यासारखे पापुद्रे निघत असतील, केस मुळाशी तुटत असतील, तर ती बुरशी. तिला वरून मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर वेण्या-पीळ काही घालू नका, आधी दाखवा.

---

निपाणीचे_गुरुजी · १८ एप्रिल, रात्री ८:००

शाळेचं मी सांगतो. २३ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतोय.

नियम बहुतेक ठिकाणी ‘केस नीट बांधलेले असावेत, दोन वेण्या’ एवढाच असतो. पिळांचे उजवे-डावे दोन गट करून प्रत्येकाला सैल लाल रिबीन बांधली की नियम पाळला जातो. वर दुमडायची गरज नाही, तिचे केस मुळातच वर राहतात. पण शाळा सुरू व्हायच्या आधी, मे अखेरीस, तुम्ही आणि मुलीचे वडील दोघांनी जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. वर्गशिक्षिकेला नको, थेट मुख्याध्यापकांना. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी न्या, ‘केस ओढून बांधू नयेत’. कागद समोर असला की बोलणं सोपं होतं.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदाच केला, की अशा केसांच्या जन्मजात पोतावरून, वेण्यांवरून शाळेत किंवा नोकरीत कुणाला वेगळं वागवता येणार नाही. आपल्याकडे केसांसाठी वेगळा कायदा नसला तरी ‘झिपरी’ म्हणणं थांबवणं हे शिक्षकाचंच काम आहे. माझ्या वर्गात तसं झालं असतं तर मी त्या दिवशी गणित बाजूला ठेवलं असतं. मुख्याध्यापकांना हेही सांगा, आणि ते सुरुवातीला सांगा, शेवटी जाता जाता नको.

---

खानापूरची_आई · ६ मे, रात्री ९:२५

उशीर झाला, माफ करा. करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

२० एप्रिलला रविवारी बसलो. पायरीवरच. पाणी, कंडिशनर, चार भाग. पहिला गुंता बोटांनी सुटला तेव्हा ती वळून म्हणाली, संपलं? तिला वाटलं मी अजून सुरूच केलं नाही. तिथेच मला रडू आलं. दोन वर्षं मी या पोरीला उगाच दुखवलं.

सव्वातीन तास लागले. १९ पीळ. जवसाचं मी गार करून गाळायला घेतलं आणि माईंनी सांगितलेलं तेच झालं, फडक्यातून उतरेना. दुसऱ्यांदा केलं, गरम गाळलं, छान झालं. उजव्या बाजूला माझा हात जड पडला होता. रात्री दहाला ती उठून आली, आई इथं ठणकतंय. आक्का, तुमचं वाक्य आठवलं. दिवा लावून कानामागचे तीन पीळ सोडले आणि सैल घातले. ती माझ्या मांडीवरच झोपली.

आता सोळावा दिवस. मधे दोनदा बाटलीने डोकं धुतलं. नदीवर रोज जाते, तांब्या ओतून. पुढचे दोन पीळ विस्कटले होते ते पुन्हा घातले. सासूबाईंच्या पेटीत त्यांचं एक इरकल निघालं. पदर कापायला कात्री लावताना हात थांबला, तर हेच म्हणाले, आईने ते कवंदात शिवलंच असतं, काप. टोपी झाली. मानेवरचं घामोळं गेलंय. कानशिलांवर काही दिसत नाही अजून, पण डॉक्टर, तुम्ही महिने म्हणालात ते लक्षात आहे. चिठ्ठीसाठी पुढच्या आठवड्यात धारवाडला येते.

काल दुपारी मी भाजी निवडत होते, ती मागे येऊन बसली आणि माझी वेणी सोडून पीळ घालायला लागली. पाणी लावलं, जवसाचं लावलं, दोन पेड करून शेवटपर्यंत नीट गुंडाळत आली. हात सोडला की पीळ सुटून सरळ. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. चार वेळा करून बघितलं आणि म्हणाली, “आई, तुझ्या केसांत राहतच नाही की गं.”

आक्का, येत्या रविवारी हे सोडायचे आहेत. सोडताना काय जपायचं?

---

हल्याळची_आक्का · ६ मे, रात्री १०:१०

वहिनी, सोडण्याआधी प्रत्येक पिळाला पाणी आणि तेल लावा, टोकाकडून सोडत वर या. कात्री जवळ ठेवू नका. मुळाशी धुळीचा करडा थर बसलेला असेल, तो ओला करून बोटांनी आधी मोकळा करायचा, तसाच धुतला तर त्याची गाठ होते. आणि हातात मूठभर केस येतील. घाबरू नका. माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळतातच, ते इतके दिवस पिळात अडकून राहिलेले असतात, ते सगळे एकदम निघतात. लेकीलाही आधीच सांगून ठेवा.